यंत्राचा जीर्णोद्धार



कुंभकोणमच्या ईशान्येला, कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांच्या मधल्या भातशेतीच्या मुलखात तिरुप्पनंदाळ नावाचे गाव आहे. तेथील अरुणजटेश्वराच्या देवळाची एक कथा तमिळ शैव परंपरेत शतकानुशतके सांगितली जाते. ताटकै नावाची एक स्त्री रोज देवाला हार घालीत असे. एके दिवशी हार दोन्ही हातांत असताना तिचे वस्त्र सुटू लागले. वस्त्र सावरावे तर हार खाली पडतो, हार घालावा तर लाज जाते. तिची अडचण ओळखून देवानेच मस्तक झुकवले आणि लिंग एका बाजूस कलले. पुढे चोळ राजाला ते सरळ करावेसे वाटले. त्याने दोर बांधून हत्ती जुंपले. हत्ती थकले, पण लिंग तसूभरही हलले नाही. अखेर कुंगिलिय कलय नायनार या, देवापुढे गुग्गुळाचा धूप जाळण्याचे व्रत घेतलेल्या भक्ताने दोराचे एक टोक लिंगाला आणि दुसरे स्वतःच्या गळ्याला बांधून ओढले, आणि लिंग सरळ झाले.

या कथेचा भक्तिपर अर्थ भाविक जाणतातच. दुरुस्तीचे काम करणाऱ्याला मात्र तीत आपल्या रोजच्या अनुभवाची खूण सापडते. चाळीस वर्षे गंजलेला बोल्ट पान्याला लांब पाइप लावून जोराने फिरवला तर तो निघत नाही, तुटतो. आणि तुटलेला बोल्ट काढण्यात आणखी दोन दिवस जातात. जाणता मेस्त्री त्यावर झिरपणारे तेल सोडतो, रात्रभर थांबतो, सकाळी थोडी आच देतो, आधी किंचित घट्ट करून पाहतो आणि मग सैल करतो. हत्तींचे बळ जेथे हरते तेथे स्वतःचा गळा अडकवून घेणारी आस्था चालते, एवढे त्या कथेतून यंत्राच्या कामापुरते घेण्यासारखे आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय जुन्या जपानी वेगवान मोटारींची घरच्या घरी होणारी दुरुस्ती आणि त्यांत केले जाणारे फेरबदल हा आहे. शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय अनेकांना अनपेक्षित वाटेल. परंतु घरातला एखादा मुलगा वा मुलगी अभ्यास सोडून जुन्या गाडीखाली तासन्‌तास पडून असते, तेव्हा पालकांच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो शिक्षणाचाच असतो. तेथे मूल वाया जात आहे की शिकत आहे?

प्रथम या गाड्यांविषयी. १९६७ मध्ये माझदा कंपनीने कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नव्हतेच. त्रिकोणी आकाराचे दोन रोटर आपापल्या कोषात फिरत. जर्मन कंपनीकडून परवाना घेतलेली ही कल्पना प्रत्यक्षात उतरवताना रोटरच्या टोकांवरील पट्ट्या कोषाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडीत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालचे सत्तेचाळीस अभियंते त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. पट्ट्यांसाठी कार्बन आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्रण सापडले तेव्हा तो प्रश्न सुटला. १९६९ च्या अखेरीस निस्सानची फेअरलेडी झेड आली. परदेशात ती डॅटसन २४० झेड म्हणून गाजली. २३९३ घनसेंटिमीटरचे, एका रांगेत सहा सिलिंडरांचे इंजिन, दोन कार्बोरेटर आणि मध्यमवर्गाला पेलणारी किंमत, हे तिचे वैशिष्ट्य. पुढे माझदाची आरएक्स-७ १९७८ मध्ये आणि लहानशी उघडी एमएक्स-५ १९८९ मध्ये आली.

या गाड्या घरी दुरुस्त करता आल्या, कारण त्यांची रचना उघडी होती. झाकण उचलले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पंखा, पट्टा सारे डोळ्यांपुढे येई. बिघाड शोधायला संगणक लागत नसे. कान, नाक आणि चार-दोन साधी उपकरणे पुरत. त्यांचा मोठा शत्रू गंज होता. पत्रा पातळ, गंजरोधक लेप तुटपुंजा. तळाचा पत्रा, बॅटरीखालची जागा आणि दारामागचे कोपरे आतून पोखरले जात आणि वरचा रंग मात्र तुकतुकीत राही. पुढे कंपन्यांनाही या गाड्यांचे मोल उमगले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निस्सानने अमेरिकेत जुन्या २४० झेड विकत घेऊन, त्या नव्यासारख्या करून पुन्हा विकल्या. २०१७ मध्ये त्याच कंपनीने स्कायलाइन जीटी-आरचे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चा जीर्णोद्धार करून देण्याची सेवा जपानमध्ये सुरू केली, तर टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्राचे भाग पुन्हा उपलब्ध केले. जे काम सामान्य माणसे घराच्या पडवीत वर्षानुवर्षे करीत होती, त्याची दखल अखेर कारखान्यांनी घेतली.

या साऱ्याचे मूळ कोठे आहे, हे पाहिले तर तिरुप्पनंदाळच्या परिसराशी त्याचे दूरचे पण सच्चे नाते दिसते. कुंभकोणमजवळचे तिरुभुवनम हे रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांचे गाव. जपानमध्ये मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सु येथे कारखाना काढला तो हातमाग आणि यंत्रमाग बनवण्यासाठी. टोयोटाच्या घराण्याचा आरंभही साकिची टोयोडा यांच्या मागांपासूनच झाला. धागा तुटताच माग आपोआप थांबावा, ही त्यांची कल्पना पुढे मोटारींच्या कारखान्यात दोष दिसताच काम थांबवण्याच्या शिस्तीत उतरली. सोइचिरो होंडा तर १९२२ मध्ये टोकियोतील एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून दाखल झाले. पहिले काही महिने त्यांच्या वाट्याला मालकाचे मूल सांभाळणे आणि झाडलोट एवढेच आले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनवलेली शिल्लक राहिलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली. आज जगभर पसरलेल्या त्या उद्योगाची सुरुवात एका फेरबदलातून झाली.

मराठी श्रोत्यांना येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. तेथून कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी असा त्यांचा प्रवास झाला. शिक्षक असलेल्या माणसाने हात काळे केले म्हणून महाराष्ट्रात नांगराचे लोखंडी फाळ घडले. दुरुस्तीचे दुकान ही कारखान्याची बालवाडी असते, हे हमामात्सु आणि बेळगाव या दोन्ही गावांनी दाखवून दिले आहे.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे डॅटसन वा माझदाच्या त्या गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. मराठी घरात जपानी यंत्र शिरले ते दुसऱ्या वाटांनी. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली. ती यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती देण्यात आली. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० रस्त्यावर आली. १९९८ मध्ये होंडा सिटी आली आणि तमिळनाडूतल्याच तिरुवळ्ळूर येथे बनू लागलेली मित्सुबिशी लान्सरही आली. लान्सरच्या घराण्यातील गाड्यांनी पुढे भारतीय रॅलींत नाव कमावले. तमिळनाडूचे यातील ऋण मोठे आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे साधे घरगुती इंजिन घेऊन एका आसनाची शर्यतीची गाडी उभी केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. बाजारहाटाला नेण्याच्या गाडीचे इंजिन वापरून भारतीय तरुणांना परवडेल अशी शर्यत सुरू झाली. तेथील शर्यतीचा मार्ग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता घरच्या कामाकडे वळू. जुनी गाडी दारात येताच तिच्यावर नवा रंग चढवावा असे कोणालाही वाटते. खरे काम मात्र तपासणीपासून सुरू होते. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा: फिका तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळते आहे, काजळी धरली असेल तर पेट्रोल जादा जाते आहे, पांढुरका पडला असेल तर ते कमी पडते आहे वा उष्णता वाढते आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले तर चिंता नाही. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे, असा अंदाज बांधता येतो. एका चमचा तेलावर शेकडो रुपयांचे इंजिनकाम वाचते वा योग्य ठिकाणी लागते. कारणाचा शोध घेऊन मग उपाय योजणे, ही विज्ञानाची पद्धत येथे पाठ्यपुस्तकाबाहेर मुलांच्या हाती येते.

यानंतर नोंद ठेवण्याची शिस्त. भाग काढताना त्याचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवून तीवर चिठ्ठी लावावी, काढलेला क्रम वहीत लिहावा. कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळायचा याचे आकडे असतात, ते अंदाजाने ठरवू नयेत. कुंभकोणमच्या पश्चिमेस असलेल्या स्वामिमलै येथील स्थपती मूर्ती घडवण्यापूर्वी नारळाच्या पानाची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात, तिला ठरावीक घड्या घालतात आणि त्या घड्यांवरून मुख, वक्ष, जंघा यांचे प्रमाण ठरवतात. आधी मेणाची प्रतिमा, मग तीवर कावेरीच्या मातीचे लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते. वेगवान गाड्यांच्या टर्बोचार्जरमधील पाकळ्यांचे चाकही आज याच तत्त्वाने, मेणाच्या साच्यातून ओतले जाते. मापाशिवाय हातकौशल्य नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र उत्साहाला मुळीच मोकळीक नको. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये. दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावल्या आणि गाडी हलवून पाहिली, मगच खाली जावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कार्बोरेटर साफ करताना जवळ ठिणगी नको, आणि विजेच्या तारांना हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवावी. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. कावेरीच्या खोऱ्यात काय किंवा कोकणात काय, दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणे हिताचे. घाट उतरताना पाय ब्रेकवर असतो आणि पायाखाली काहीच लागत नाही, तो क्षण याच दुर्लक्षातून येतो.

फेरबदलाचा पहिला नियमही यातूनच निघतो: वेग वाढवण्याआधी थांबण्याची शक्ती वाढवावी. राजदूत ३५० ची कथा येथे बोलकी आहे. परदेशातील आरडी ३५० ला पुढच्या चाकास डिस्क ब्रेक होता. भारतात आलेल्या गाडीला ड्रम ब्रेक देण्यात आला. ३४७ घनसेंटिमीटरच्या त्या दुहेरी सिलिंडरच्या दोन-स्ट्रोक इंजिनाची झेप आणि तो ब्रेक यांचा मेळ नव्हता. म्हणून जाणत्या शौकिनांनी तिच्यात पहिला बदल केला तो पुढच्या ब्रेकचा. ज्यांनी आधी सायलेन्सर आणि कार्बोरेटर बदलले, त्यांनी आधीच कमी पडणाऱ्या ब्रेकवर आणखी ओझे घातले.

कायद्याची चौकटही पालकांनी जाणून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. कर्कश सायलेन्सर लावून गल्ली जागी करणे हा पराक्रम नसून गुन्हा आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र गाडीचा सांगाडा, बाहेरचे कवच आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. आज हौसेने कापलेला पत्रा उद्याची ही मान्यता घालवू शकतो. १९८३ मधली मारुती ८०० आणि राजदूत ३५० ही दोन्ही वाहने २०३३ मध्ये पन्नाशी गाठतील, हे लक्षात घेतले म्हणजे भंगारवाल्याला काय द्यायचे आणि काय राखायचे याचा निर्णय सोपा होईल.

म्हणून चांगला फेरबदल कसा असावा? तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याच देवळात राजराज चोळाचे तमिळ लेखही आजवर टिकून आहेत. नव्याने आपला लेख लिहिताना जुन्याची अक्षरे खरवडली गेली नाहीत. गाडीतही तसेच व्हावे. जो भाग बदलाल तो जपून ठेवा. मूळ छिद्रे, मूळ तारा, मूळ आसने अशी राखा की पुढच्या पिढीला हवे तर गाडी पूर्ववत करता येईल. दक्षिणेत देवळांचा जीर्णोद्धार करून परंपरेने दर बारा वर्षांनी कुंभाभिषेक करतात. रंग, चुना, कळस नवे होतात, पण गर्भगृह हलत नाही. दुरुस्ती आणि विध्वंस यांतील रेषा तेथे स्पष्ट दिसते.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. दुरुस्ती करणारे मूल रसायन शिकते, कारण गंज म्हणजे लोखंडाचे प्राणवायू आणि पाणी यांच्याशी झालेले संयोजन हे ते पत्र्याच्या भोकातून पाहते. ते भूमिती शिकते, पैशाचा हिशेब शिकते आणि चूक मान्य करायला शिकते, कारण चुकीच्या क्रमाने बसवलेले इंजिन कोणाच्याही हुशारीला दाद न देता मिसिंग मारीत राहते. ते मेस्त्रीच्या ज्ञानाचा आदर करायला शिकते, आणि ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या घरात अजून पुरेशी शिकवली जात नाही. तेथे कधीकधी मूल वायाही जाते: जेव्हा त्याला केवळ आवाज आणि वेग हवा असतो आणि पुस्तिका वाचण्याचा कंटाळा येतो. या दोहोंत फरक करणे हे पालकाचे काम आहे. त्यासाठी पालकाला मोटारविद्या यावी लागत नाही. मुलाची नोंदवही मागून पाहिली तरी पुरते. वहीत क्रम, मापे आणि खर्च लिहिलेला असेल तर काळजीचे कारण नाही.

काळाची घाई मात्र ओळखायला हवी. कार्बोरेटर कानाने लावणारी मेस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे आणि तिचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. भारतातली पहिली मारुती ८००, जिची किल्ली समारंभाने देण्यात आली होती, तीही मालकाच्या निधनानंतर काही वर्षे उघड्यावर गंजत राहिली होती. पुढे कंपनीने तिचे रूप सावरले आणि २०२२ मध्ये ती आपल्या मुख्यालयात ठेवली. सगळ्याच गाड्यांच्या नशिबी तेवढे भाग्य नसते.

या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. ज्यांचे गॅरेज आहे, वर्कशॉप आहे, फाउंड्री आहे, त्यांनी शाळेला एखादे जुने, बंद पडलेले पण पूर्ण इंजिन द्यावे; मारुतीचे असो की आरएक्स १०० चे. सोबत पान्यांचा एक संच आणि कंपनीची पुस्तिका द्यावी. वर्षातून चार शनिवार स्वतः यावे, किंवा आपल्याकडचे वयस्क मेस्त्री पाठवावेत, आणि त्यांचा सत्कार इतर गुरुजनांसारखाच व्हावा. आठवी-नववीची मुले-मुली ते इंजिन खोलतील, नोंदी मराठीत लिहितील आणि पुन्हा जोडतील. ते सुरू होईलच असे नाही. न झाल्यास का झाले नाही हे त्यांनी शोधून पुढच्या वर्गासाठी वहीत लिहून ठेवावे, आणि पुढच्या वर्गाने तेथून काम पुढे न्यावे.